रजिस्टरातला 'विसरले' हा शब्द आणि त्यामागचं बरंच काही

झुळूक (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी एचआयव्हीच्या उपचार केंद्रात समुपदेशक आहे. चौदा वर्षं झाली. आमच्या रजिस्टरात एक रकाना असतो, 'गोळ्या चुकण्याचे कारण'. त्याखाली छापील पर्याय: विसरले, बाहेरगावी गेले, त्रास झाला, इतर. पेशंट आला की बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या, किती उरायला हव्या होत्या त्याच्याशी ताडून बघायच्या आणि जास्त उरल्या असतील तर कारण विचारून खूण करायची. माझ्या हातच्या सगळ्यात जास्त खुणा 'विसरले'वर आहेत. मीही फार खोलात शिरत नसे. बाहेर रांग असते, पुढचा माणूस दारात डोकावत असतो, आणि 'विसरले' हे उत्तर आम्हा दोघांनाही सोयीचं असतं. पुढचं वाक्यही ठरलेलं: मोबाइलला गजर लावत जा.

दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) बाटली उघडली तर तोंडाशी कापसाचा बोळा. गोळ्या ओतून मोजल्या, अकरा जास्त. "विसरले ताई." मी खूण केली. गोळ्या परत भरून बाटली त्यांच्याकडे दिली, तर त्यांनी तो कापूस बोटाने आत दाबून दाबून बसवला, झाकण लावलं आणि बाटली कानाशी धरून हलवली. आवाज येत नाही ना, ते बघत होत्या.

मग मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं. एका खोलीचं घर. बाटली कपड्यांच्या घडीत. सगळे झोपले की अंधारात उठून गोळी घ्यायची. गोळ्या खुळखुळल्या तर कोणीतरी विचारणार, कसल्या गोळ्या? म्हणून कापूस. आणि अकरा गोळ्या का राहिल्या? नणंद राहायला आली होती, तिचं अंथरूण नेमकं कपाटाला लागून. किती दिवस होती?

अकरा.

ती बाई एकही दिवस विसरली नव्हती. अकराच्या अकरा रात्री ती जागी होती. आणि मी लिहिलं होतं, विसरले.

तेव्हापासून मी 'का चुकली' असं विचारणं सोडलं. आता विचारते, गोळी चुकली त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा. उत्तरं पार बदलली. रोजंदारीवरचा माणूस सांगतो, केंद्रावर यायचं म्हणजे खाडा पडतो, आणि दर महिन्याला ठरावीक तारखेला खाडा पडला की मालक विचारतो कुठे जातोस. एक जण जवळचं केंद्र सोडून दोन गाड्या बदलून आमच्याकडे येतो, कारण तिथे केसपेपर काढणारा त्याच्या नात्यातला आहे. एक मुलगा वसतिगृहात राहतो, खोलीतली मुलं बाहेर गेल्याशिवाय त्याला पेटी उघडता येत नाही. एका बाईंना उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं आणि त्या आठवड्यात घरात खायला कमी होतं. या सगळ्यांच्या नावापुढे पूर्वी काय लिहिलं असेल ते सांगायला नको. सलग काही महिने आले नाहीत की आमच्या भाषेत त्यांना 'एलएफयू' म्हणतात. पाठपुराव्यातून सुटलेले. जणू ते हात सोडवून पळाले.

वैद्यकाच्या बाजूने बघितलं तर हा आजार आज कुठे येऊन पोचलाय! बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित चालू असेल आणि रक्तात विषाणू सापडेनासा झाला असेल तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. २०१६ आणि २०१९ साली निकाल आलेल्या 'पार्टनर' अभ्यासांत अशी शेकडो जोडपी होती, निरोध न वापरणारी, आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्स संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते, त्यातल्या ३ कोटी १६ लाखांनाच उपचार मिळत होते आणि त्या एका वर्षात ६ लाख ३० हजार माणसं एड्सशी संबंधित कारणांनी गेली. औषध असताना गेली.

गोळी आणि तोंड यांच्यामध्ये नेमकं काय उभं असतं, यावर बोलायचंय. तुम्ही या आजाराच्या जवळून गेला असाल, आरोग्य क्षेत्रात असाल किंवा नुसते प्रश्न असतील, तरी लिहा.

वाटसरू

कापसाचं वाचून थांबलो. पुढचं वाचायला वेळ लागला.

एक अडाणी प्रश्न. औषधं आता खूप ठिकाणी सरकार फुकट देतं ना? मग गरिबी हा मुद्दा अजून इतका मोठा का? खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय.

झुळूक

अडाणी अजिबात नाही, हाच प्रश्न मला वरिष्ठांनीही विचारलाय. गोळी फुकट असते, पण तिच्यासाठी जाणारा दिवस पेशंटच्या खिशातून जातो. पहाटे निघायचं, गाडीभाडं, रांग, रक्त द्यायचं असेल तर दुसरी रांग. डॉक्टर रजेवर असले किंवा साठा कमी आला असला की 'पंधरा दिवसांच्याच देतो, पुन्हा या'. म्हणजे महिन्यात दोन खाडे. सोबत लहान मूल असेल तर त्याचंही बघायचं. पगारी माणसाला हे दिसत नाही, कारण त्याची रजा भरपगारी असते.

औषधवाला

वाटसरू, किंमतीबद्दल थोडं लिहितो, माझा विषय आहे.

१९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकत्र देण्याची उपचारपद्धती आली आणि श्रीमंत देशांत मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्या वेळी वर्षाचा खर्च माणशी दहा हजार डॉलरच्या पुढे. २००० साली दरबानला जागतिक एड्स परिषद भरली, तिथे दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश एडविन कॅमेरॉन उभे राहिले आणि त्यांनी उघड सांगितलं की मी स्वतः एचआयव्हीबाधित आहे, आणि आज जिवंत आहे तो औषधं विकत घेण्याची ऐपत आहे म्हणून. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने आपला जीव ऐपतीवर तरलाय हे असं भर सभेत मान्य करणं, ही साधी गोष्ट नव्हती. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्ला या भारतीय औषध कंपनीचे युसूफ हमीद यांनी तशीच तीन औषधं माणशी वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. तिथून भाव गडगडत गेले.

पण किंमत उतरली म्हणून औषध पोचलं असं होत नाही. त्याच दक्षिण आफ्रिकेत आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं नेविरापिन उपलब्ध होतं, उत्पादक ते काही वर्षं फुकट द्यायला तयार होता, आणि तरी सरकारने ते मोजक्या केंद्रांपुरतंच ठेवलं होतं. 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन' या चळवळीला तिथल्या घटनात्मक न्यायालयापर्यंत जावं लागलं. २००२ च्या जुलैमध्ये निकाल लागला तेव्हा दार उघडलं.

आताचं उदाहरण लेनाकापाविरचं. लागण होऊ नये म्हणून वर्षातून फक्त दोनदा घ्यायचं इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. लागण टाळण्यासाठी रोज गोळी लपवून घेण्याची गरजच संपवणारी गोष्ट. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तिथली छापील किंमत वर्षाला अठ्ठावीस हजार डॉलरच्या वर. गरीब देशांसाठी २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये जेनेरिक आणण्याचे करार झालेत, ही फार मोठी बातमी आहे. मात्र दुसरी चाचणी ज्या देशांत झाली त्यातले ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू हे चारही त्या स्वस्त परवान्याच्या यादीत नाहीत. तिथल्या लोकांनी दंड पुढे केला, आणि यादी करताना त्यांनाच वगळलं. मला हे पटत नाही, पटणारही नाही.

ठाम_मत

थोडं वेगळं मांडतो, राग मानू नये. मला बारा वर्षं मधुमेह आहे. रोज दोन गोळ्या घेतो, प्रवासात घेतो, लग्नकार्यात घेतो. माझी परिस्थितीही काही फार सुखाची नव्हती. समाज, गरिबी, शिक्षण यांच्यावर सगळं ढकललं की माणसाला स्वतःच्या तब्येतीची जबाबदारी वाटेनाशी होते. शेवटी गोळी ज्याची त्यालाच गिळावी लागते. नणंद होती, मान्य. पण अकरा दिवसांत एकदाही मार्ग निघाला नाही?

झुळूक

राग नाही. केंद्रातही हे ऐकते, आणि पूर्वी मी स्वतः असंच बोलत असे.

फक्त या मताला एक इतिहास आहे तो सांगते. २००१ साली अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचे तेव्हाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी म्हटलं होतं की आफ्रिकेत अनेकांना घड्याळाची वेळच कळत नाही, ते वेळेवर गोळ्या कशा घेणार? म्हणजे उपचार द्यायचेच कशाला. पुढे औषधं पोचली, लोकांनी घेतली. २००६ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अनेक अभ्यासांची एकत्र पडताळणी आली. ठरल्याप्रमाणे नीट गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासांत ५५ टक्के निघालं, आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ७७ टक्के. ज्यांना शिस्त नाही म्हणून औषध नाकारायचं चाललं होतं, ते पुढे निघाले. गाडीभाड्यासाठी उसने पैसे घेऊन येणारी माणसं होती ती.

जबाबदारी असतेच, दादा. पण त्या बाईंनी अंधारात, श्वास रोखून, वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या त्याला काय म्हणायचं? त्या अकरा रात्री सोडल्या तर त्यांचं रेकॉर्ड माझ्या केंद्रातल्या कोणाहीपेक्षा स्वच्छ आहे.

अबोली_२

हा आयडी फक्त या प्रतिसादासाठी काढलाय. मी नऊ वर्षं पॉझिटिव्ह आहे.

मला कळलं ते पोटात मुलगी असताना. गरोदरपणात सगळ्या तपासण्या होतात त्यात ही पण होते. पुरुषाच्या आयुष्यात अशी वेळच येत नाही, जिथे कोणी न विचारता त्याचं रक्त तपासतं. त्यामुळे घरात पहिला रिपोर्ट बाईचा येतो. आणि ज्याचा रिपोर्ट पहिला, त्याने आणलं. माझ्याबाबत हेच झालं. नवऱ्याने तपासणी करायला सात महिने लावले, तोपर्यंत मी एकटीच 'ती' होते. त्याचे सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) माझ्यापेक्षा कितीतरी खाली होते, म्हणजे त्याला बहुधा आधीपासून असणार हे डॉक्टरांनी समजावलं, पण तोवर मी माहेरी येऊन पडले होते आणि ते वाक्य ऐकायला सासरचं कोणी तिथे नव्हतं.

मुलगी निगेटिव्ह आहे. माझा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सहा वर्षं सापडत नाही. हे लिहिताना मला किती बरं वाटतंय ते तुम्हाला कळणार नाही, कारण हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगायचं तर आधी आजार सांगावा लागतो.

केंद्रावरची एक गोष्ट. मी पहिल्यांदा जिथे जायचे तिथे आमचं दार वेगळं होतं. सोयीसाठीच केलं असेल, लवकर नंबर लागावा म्हणून. पण त्या दारासमोरच्या बाकावर बसलेला प्रत्येक जण कशासाठी बसलाय हे अख्ख्या इमारतीला माहीत. मी बाकावर बसायचेच नाही. जिन्यात उभी राहायचे, फोनवर बोलल्यासारखं करत. मग नाव पुकारलं की ऐकू यायचं नाही आणि नंबर जायचा. दोनदा तशीच परत आले. तिथल्या रजिस्टरात माझ्या नावापुढेही 'आल्या नाहीत' असं लिहिलं असणार. झुळूकताई, मी आले होते.

नंतर दुसऱ्या केंद्रावर नोंदणी बदलून घेतली. तिथे एकाच खिडकीवर बीपीच्या, क्षयाच्या आणि आमच्या गोळ्या मिळतात आणि नाव घेत नाहीत, टोकन नंबर घेतात. इतकंच वेगळं आहे. डॉक्टर तेवढेच शिकलेले, गोळी तीच.

झुळूक

अबोली, 'मी आले होते' हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही लिहिलंत, फार मोठं काम केलंत. टोकनचं उद्याच आमच्याकडे बोलते.

वाटसरू

अबोलीताई, तुमच्या मुलीला खूप आशीर्वाद. पुरुष तपासणीला येत नाहीत हे फक्त अनुभवाचं आहे की आकड्यांतही दिसतं?

आकडेमोड

दिसतं. २०२४ चे यूएनएड्सचे अंदाज: एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढ स्त्रियांपैकी ८३ टक्के उपचारांवर, पुरुषांपैकी ७३. सगळ्यात वाईट मुलांचं, ५५ टक्के. मूल स्वतः चालत केंद्रावर येत नाही, आणि त्याला आणणारं मोठं माणूसच लपत असतं.

मी सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात काम करतो, तेव्हा 'सामाजिक कारणं' हा शब्द नुसता वापरून सोडू नये म्हणून एक प्रयोग सांगतो. आफ्रिकेतल्या मलावी देशात झोम्बा जिल्ह्यात शाळकरी वयाच्या अविवाहित मुलींच्या कुटुंबांना आणि खुद्द मुलींच्या हातात दरमहा थोडे पैसे दिले. मुलींच्या वाट्याला महिन्याला एक ते पाच डॉलर. औषध नाही, निरोध नाही, नुसते पैसे. दीड वर्षाने तपासलं तर शाळेत असलेल्या मुलींपैकी पैसे मिळालेल्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण १.२ टक्के, न मिळालेल्यांमध्ये ३ टक्के. निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. कारण शोधलं तर मुलींचे वयाने मोठ्या पुरुषांशी संबंध कमी झाले होते. वही, साबण, गाडीभाडं यांसाठी ज्याच्यावर अवलंबून राहावं लागतं, त्याला निरोध वापर असं सांगता येत नाही. हातात थोडे पैसे आले की नाही म्हणता येतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. दक्षिण आफ्रिकेत असाच मोठा प्रयोग झाला आणि तिथे पैशाने लागणीत फरक पडला नाही. पण तिथे दोन्ही गटांतल्या जवळपास सगळ्याच मुली आधीपासून शाळेत जात होत्या, आणि शाळा सोडलेल्या किंवा फार बुडवणाऱ्या मुलींना मात्र धोका जास्त होता. म्हणजे पैसा ही काही जादू नाही. कुठे नेमकं काय अडलंय ते बघून हात घालावा लागतो. प्रत्येक ठिकाणी तोच उपाय नेऊन चिकटवणाऱ्यांची मला भीती वाटते.

पारिजात

सगळे स्त्रिया आणि गरीब देश यांबद्दल लिहिताहेत म्हणून वेगळं उदाहरण देते. श्रीमंत देशातलं.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात स्कॉट काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे, तिथलं ऑस्टिन हे जेमतेम चार हजार वस्तीचं गाव. २०१३ साली काउंटीतलं मोफत तपासणी करणारं एकमेव क्लिनिक निधीअभावी बंद झालं. गावात बेकारी, वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेण्याचं व्यसन, एकेका सुईवर कित्येक जण. स्वच्छ सुया वाटणं कायद्याने गुन्हा. २०१४ च्या अखेरीपासून लागण दिसायला लागली आणि वर्षभरात आकडा १८० च्या पुढे गेला. त्याआधीच्या दहा वर्षांत तिथे पाच रुग्ण सापडले होते, पाच! २०१५ च्या मार्चअखेर राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली, एप्रिलमध्ये सुया बदलून देणं सुरू झालं, तपासणी आणि उपचार एका छताखाली आणले, आणि साथ ओसरली. मग २०२१ साली, साथ ओसरलेली असताना, काउंटीच्या कारभाऱ्यांनी मतदान करून तो सुयांचा कार्यक्रम बंद करायचं ठरवलं. म्हणे, यामुळे व्यसनाला उत्तेजन मिळतं.

पोर्तुगालने २००१ साली उलट केलं. स्वतःपुरता अमली पदार्थ बाळगणाऱ्याला तुरुंगात टाकणं थांबवलं, उपचारांची सोय वाढवली, सुया बदलून देणं आधीपासून होतंच. टोचून घेणाऱ्यांमधली नवी लागण त्यानंतरच्या वर्षांत झपाट्याने खाली आली. पोलिसाची भीती असलेला माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

त्याच अमेरिकेत कृष्णवर्णीय लोक एकूण लोकसंख्येच्या तेरा टक्क्यांच्या आसपास आणि नव्या लागणींत त्यांचा वाटा जवळपास चाळीस टक्के. एकूण नव्या लागणींपैकी निम्म्याच्या आसपास दक्षिणेकडच्या राज्यांत. विषाणूला रंग कळत नाही. पण विमा कोणाकडे आहे, दवाखाना किती मैलांवर आहे, आणि डॉक्टरवर विश्वास ठेवावा असं पिढ्यान्‌पिढ्या कोणाला वागवलं गेलंय, हे सगळं रंगावरून ठरत आलंय.

तिसरी_ओळ

मी ट्रान्स आहे. थोडक्यात लिहिते. माझ्या ओळखपत्रावर जुनं नाव आहे. केंद्रावर ते मोठ्याने पुकारतात, मी उठते, आणि सगळी खोली माझ्याकडे बघते. अबोलीताईंचं दार होतं तसं माझं नाव आहे. दोन वर्षं प्रेपच्या (लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या) गोळ्या घ्यायच्या होत्या, फक्त त्या पुकाऱ्यामुळे गेले नाही. टोकनची कल्पना खरंच करा झुळूकताई. त्याला काहीही लागत नाही.

वाटसरू

मग चालतं काय? इतकं वाचल्यावर नुसतं हळहळून उठायचं नाहीये.

आकडेमोड

मोझांबिकच्या टेटे प्रांतातलं मला फार आवडतं. २००८ साली तिथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या मदतीने स्थिर प्रकृतीच्या पेशंटनी सहा-सहा जणांचे गट केले. दर महिन्याला गटातला एकच जण केंद्रावर जातो, सगळ्यांच्या गोळ्या आणतो आणि त्या खेपेला स्वतःची तपासणीही करून घेतो. म्हणजे प्रत्येकाला वर्षातून दोनच फेऱ्या. सुरुवातीच्या तेराशेवर लोकांचं साधारण वर्षभरानंतर बघितलं तर ९७.५ टक्के उपचारांत टिकून होते. ज्याला आपण शिस्त म्हणतो ती फेऱ्या कमी झाल्याबरोबर आपोआप आली. हैतीत १९९८ पासून अमेरिकन डॉक्टर पॉल फार्मर आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच माणसांना पगार देऊन रोज घरी गोळी पोचवायला लावली. सोबत धान्य, मुलांची शाळेची फी. तेव्हाचे तज्ज्ञ म्हणत होते की अशा ठिकाणी हे उपचार शक्यच नाहीत.

आणि कोलकात्याचं सोनागाछी. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना तिथे काम करायला गेले तेव्हा वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका केलं. पण निरोध हातात असून उपयोग नव्हता. गिऱ्हाईक नको म्हणालं तर त्या दिवसाची कमाई जायची आणि सावकार दारात. म्हणून १९९५ साली त्या स्त्रियांची स्वतःची 'उषा' सहकारी संस्था निघाली. बचत आणि कर्ज. पतपेढी हा एचआयव्ही रोखण्याचा उपाय असतो, हे मला कुठल्याही पुस्तकात शिकवलं नव्हतं.

झुळूक

गटाचं उदाहरण सुंदर आहे, पण माझ्या कापसाच्या बाईंना ते चालणार नाही. गटात जायचं म्हणजे पाच जणांना कळणार. जिथे वस्तीत बरेच जण उपचारांवर आहेत आणि एकमेकांना माहीत आहेत तिथे ते जमतं. जिथे प्रत्येक जण एकटा लपलाय तिथे नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देणं आम्ही सुरू केलंय. त्यात बहुतेकांचे खाडे वाचले. त्या बाई मात्र म्हणाल्या, नको ताई, मोठी बाटली लपवायला जागा नाही. एकाच दुखण्याला एकाला जो उपाय, तोच दुसऱ्याला अडचण.

अबोली_२

मी गोळ्या जीवनसत्त्वाच्या डबीत ठेवते. लेबल काढून. कोणाला उपयोग झाला तर बघा, पण आधी फार्मसिस्टला विचारा. काही बाटल्यांत दमटपणासाठी छोटी पुडी असते, ती सोबत टाकावी लागते.

औषधवाला

अबोलीताई बरोबर आहेत. पुडी डबीत ठेवा, झाकण घट्ट हवं, आणि डबी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. त्यात दुसरं कुठलंही औषध मिसळू नका. डबीच्या आतल्या बाजूला औषध संपायची तारीख चिकटवून ठेवा.

पारिजात

या सगळ्यात निधीचा मुद्दा राहिला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा गोळ्यांच्या आधी काय बंद पडलं, तर घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्या, आधारगट, किशोरवयीन मुलींचे कार्यक्रम. गोळ्यांचा साठा हा 'जीवरक्षक' धरला गेला आणि गोळी माणसापर्यंत नेणारी बाई 'जास्तीची'. हा धागा वाचल्यावर सांगा, कोण जास्तीचं आहे.

ठाम_मत

तीन दिवस हा धागा उघडून बंद करतोय.

माझ्या मधुमेहाच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर असतात, मिठाच्या शेजारी. एखाद्या दिवशी राहिल्याच तर सून आठवण करते, नातू डबी आणून देतो. बारा वर्षांत मी ती डबी एकदाही लपवलेली नाही. माझ्या शिस्तीबद्दल लिहिताना हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. 'एकदाही मार्ग निघाला नाही का' हे जे मी विचारलं ते मागे घेतो. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा, सांगता येत असेल तर.

झुळूक

सांगते, दादा. तुमचं नाव न घेता.

थोडी बातमी द्यायला आलेय. टोकन सोमवारपासून सुरू झालं. पुठ्ठ्याचे तुकडे आहेत, आमच्या शिपाईदादांनी कापून त्यावर आकडे घातले. पहिल्या दिवशी दोन नंबर उलटसुलट झाले, बाकी ठीक. ओळखपत्रावरचं नाव आता फक्त खिडकीच्या आत वाचलं जातं. तिसरी_ओळ, तुमचं केंद्र कुठलं ते मी विचारणार नाही, पण आमच्याकडे तरी हे झालंय.

'गोळ्या चुकण्याचे कारण' या रकान्यात पर्याय वाढवावेत म्हणून वर पत्र दिलंय. उत्तर यायचंय. तोवर मी समासात पेन्सिलीने लिहिते. कालच्या पानावरचं एक देते, ओळख पटेल असं काही नाही त्यात:

"गोळ्या चुकल्या नाहीत. उद्या संपतात. कामावर बदली माणूस मिळत नाही म्हणून स्वतः येऊ शकत नाही, फोन केला होता. शनिवारी मुलगी येईल. कशाच्या गोळ्या आहेत ते तिला माहीत नाही. साध्या डबीत भरून द्याव्यात. खिडकीवर काही विचारू नये."